जिलानी मास्तरांची चाल आणि भुजंगचं पेडल

जिलानी मास्तरांचे वरचे पुढचे दात दिवाळीनंतर गेले आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला. माणसाचे दात जातात, त्यात नवल ते काय? वाण्याचे गेले तर तराजू अडत नाही, वकिलाचे गेले तर उलट जिभेला जागा होते. पण क्लॅरनेटवाल्याचे वरचे दात म्हणजे घराचं आढं. क्लॅरनेटचं तोंड वरच्या दातांना टेकतं, खालचा ओठ पत्तीला सांभाळतो, आणि मग फुंकर आत जाते. आढंच गेलं तर छप्पर टेकवायचं कशावर? मास्तरांनी कवळी बसवून पाहिली. पहिल्याच लांब सुराला कवळी सरकली आणि क्लॅरनेटमधून असा आवाज निघाला की दुकानासमोरच्या रिक्षावाल्यानं खाली वाकून ब्रेक बघितले.

मास्तरांचा बँड लातूरचा. गंजगोलाईच्या बाजारामागच्या अंगाला दुकान, दुकानात लाल कोट टांगलेले, आणि भिंतीला मास्तरांच्या वडलांचा फोटो. वरातीत नाचायची गाणी काय, कोणताही बँड वाजवतो. डीजे तर अजून जोरात वाजवतो, शेजाऱ्याच्या मांडणीवरची भांडी पडेपर्यंत. पण चाकूरपासून जळकोटपर्यंत मास्तरांना बोलावणं असायचं ते पाठवणीसाठी. वडलांनी शिकवलेली एक चाल होती. ती ना कुठल्या सिनेमातली, ना कुठल्या रेडिओवरची. नवरी गाडीकडं निघाली की मास्तर पुढं यायचे, ताशेवाल्याला हातानं गप करायचे आणि ती चाल धरायचे. बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. आमच्या भागात पाठवणीला कुणी रडलंच नाही तर ते काही चांगलं धरत नाहीत. ‘लेक कोरडी गेली’ म्हणतात, आणि हे वाक्य पुढं दोन्ही घरांत नातवंडं होईपर्यंत फिरत राहतं.

मास्तर स्वतः मात्र ठणठणीत कोरडे. हे त्यांच्या धंद्याचं पहिलं कलम होतं. वाजवणारा रडला की ओठ थरथरतो, ओठ थरथरला की सूर फाटतो, मग झालं कल्याण. ‘रडायचं काम गिऱ्हाइकाचं,’ असं ते बँडमधल्या सगळ्यांना बजावायचे. वाजवताना ते नवरीकडं बघतच नसत. गाडीच्या नंबरप्लेटकडं बघत. पासिंग कुठलं, गाडी नवी का जुनी, याचा विचार करत करत त्यांनी उभ्या मुलखातल्या आयांना रडवलं होतं.

आता त्यांच्याच घरची पाठवणी आली होती. धाकटी उमैमा, डी. फार्म. करून मेडिकलवर बसणारी, तिचं नांदेडच्या मुलाशी ठरलं होतं. उन्हाळ्यात निकाह होता. नांदेडकरांनी आधीच कळवलं होतं की वरातीत बाजा नको, आमच्याकडं चालत नाही. मास्तर म्हणाले, ‘बरात तुमची, तुमच्या मर्जीनं आणा. लेकीची पाठवणी, रुखसत, ती माझी.’ समधी, म्हणजे नांदेडचा व्याही, समजूतदार होता. त्यानं ते मानलं.

उमैमानं बापाकडं दागिना मागितला नाही की फ्रिज मागितला नाही. एवढंच म्हणाली, ‘अब्बा, साऱ्या जगाच्या लेकी तुम्ही वाजवून घालवल्या. मला बी वाजवूनच घालवा.’ मास्तरांनी जबान दिली. तेव्हा दात हलत होते, पण जागेवर होते. मग हिरड्या सुजल्या, डॉक्टरनं पक्कड उचलली, आणि जबान तेवढी तोंडात उरली. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ते हेच.

बायको जन्नतबी धीर देईल म्हणावं तर तिचा स्वभाव तसा नव्हता. तिनं भाजी निवडता निवडता ऐकवलं, ‘थोरलीच्या वक्ताला क्लॅरनेटमागं लपलात. ती अजून म्हनते, अब्बांनी माझ्याकडं बघितलं बी न्हाई. आता काय करता, लपायला ती वाजवायची काठी बी न्हाई ऱ्हायली.’

‘मी लपलो न्हवतो. वाजवत होतो.’

‘हाव, तेच म्हनून राहिले मी,’ जन्नतबी म्हणाली आणि देठ खुडत राहिली.

दुसरा क्लॅरनेटवाला शोधावा तर भागात एकच नाव घेण्यासारखं होतं, निलंग्याचा रेवणप्पा. तो पोरासोबत बिदरला जाऊन राहिला होता आणि धंदा सोडून कापडाच्या दुकानात बसत होता. कीबोर्डवर क्लॅरनेटचा आवाज असतो, पण त्यातला सूर दाव्याला बांधलेल्या म्हशीसारखा जागेवरच उभा. मास्तरांची चाल चालायची ती सुरांच्या मधल्या वाटेनं. एका सुरावरून निघायचं, दुसऱ्याच्या दारात घुटमळायचं, आत जायचं नाही, परत फिरायचं. हे बटणाला जमत नाही.

तेव्हा बँडमधला भुजंग गिटारीला जोडायचं एक पेडल घेऊन आला.

भुजंग मुरूडचा. घरी ऊस, सोयाबीन आणि दोन भाऊ शेतात राबणारे. हा तिसरा गिटारीच्या नादाला लागला आणि मास्तरांच्या बँडच्या गाडीवर उभा राहून इलेक्ट्रिक गिटार वाजवू लागला. पुण्यातल्या कुणा वादकाकडून त्यानं पेडल वापरून बघायला आणलं होतं. पटलं तर ठेवायचं, नाही तर लग्नसराई संपली की परत. निळं, विटेसारखं जड, वर पायाखाली झुलणारी फळी. टाच टेकलेली असली की सूर आहे तिथं राहतो, चवडा दाबत गेलं की सूर वर चढत जातो, आणि मधे पाहिजे तिथं थांबवता येतो. एक खटका फिरवला की उलटं, सूर खाली उतरत जातो.

‘मास्तर, क्लॅरनेट जसं सूर वढती ना, तसं हे वढतंय,’ भुजंग म्हणाला. ‘तुमची चाल यावर बसंल. उमैमाताईच्या टायमाला मी वाजवतो. तुमी फकस्त पास करा.’

मास्तरांना हे आवडलं नाही. आपल्या तोंडचं काम कुणी पायानं करणार, हे ऐकायला कुणाला आवडेल? पण गरज होती. त्यांनी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून बसले. नवा वाजवणारा ठेवताना ते नेहमी असेच बसत. वाजवणाऱ्याचा चेहरा दिसला की कान खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

भुजंगनं आधी हौसेनं चवडा पार तळाला दाबला. सूर एकदम वरच्या सप्तकात जाऊन किंचाळला.

‘मांजराच्या शेपटीवर पाय पडला का?’ मास्तर भिंतीला म्हणाले. ‘हे वरातीत ठेव. पोरं नाचतील. पाठवणीला न्हाई.’

मग त्यानं दोन तारा एकदम छेडल्या. पेडल गोंधळलं, आवाज कळकट झाला आणि दोन्ही सूर एकमेकांच्या अंगावर पडले. ‘एका टायमाला एकच तार,’ मास्तरांनी निकाल दिला. पुढं त्यांना सूर किंचित मागं राहतोय असं वाटलं. भुजंग म्हणाला, ‘यंत्र उशीर करतंय वाटतं.’ मास्तर वळले, त्याच्या पायाकडं बघितलं आणि म्हणाले, ‘यंत्राला कामून बदनाम करतो? जाड तळव्याची चप्पल घालून सूर धुंडतोय. काढ ती.’ भुजंगनं अनवाणी पाय ठेवला तेव्हा सूर वेळेवर आला.

वरातीत गाडीवर उभं राहून बघायचं म्हणून त्यांनी गाडी बाहेर काढली, जनरेटर लावला आणि गल्लीतून ढकलत नेली. सपाट रस्त्यावर ठीक चाललं. गतिरोधक आला तसा भुजंगचा पाय उडाला आणि सूर मशिदीच्या मिनारावर जाऊन आला. पानवाला हसून लोळला. तेव्हा ठरलं की पेडल वापरायचं ते गाडी उभी असताना, आणि पाठवणीला गाडी उभीच असते.

शेवटी त्यांनी चाल शिकवायला घेतली. मास्तर गुणगुणायचे, भुजंग चवड्यानं शोधायचा. ते बरेच दिवस चाललं. मग एका दुपारी मास्तर भिंतीकडं तोंड करून बसले असताना सूर घुटमळायच्या जागी बरोबर घुटमळला आणि परत फिरला. कुठं शिवण दिसेना. मास्तरांना खरं तर आनंद व्हायला पाहिजे होता. त्यांना हेवा वाटला. इतकी साफ ओढ त्यांच्या क्लॅरनेटमधून उभ्या जन्मात निघाली नव्हती, कारण क्लॅरनेटला माणूस फुंकतो आणि माणसाच्या छातीला अंत असतो.

इथंच त्यांच्या डोक्यात एक विचार आला. बँडवाल्यांच्या दुनियेत दम ही मोठी गोष्ट. कुणाचा दम किती लांब, यावर तिथं माणसाची किंमत ठरते. मास्तरांच्या वडलांचा दम लांब होता. मास्तरांचा तेवढा नव्हता, आणि ही त्यांची जन्माची दुखरी जागा होती. चालीतल्या लांब ओळींच्या मधे त्यांना श्वास घ्यावाच लागे. तो ते चोरून घेत, ओठांच्या कोपऱ्यातून, मान जरा वळवून, जणू चोरी पकडली जाईल. दरवेळी त्यांना वाटायचं, आज बापानं ऐकलं असतं तर कान पिळला असता.

‘भुजंगा,’ ते म्हणाले, ‘याला दम लागत न्हाई ना?’

‘करंट हाय तवर वाजतंय, मास्तर.’

‘मग मधी कुठंच थांबू नको. एक ओळ संपली की तिच्याच शेपटीतून दुसरी काढ. अख्खी चाल एका दमात.’

भुजंगनं तसं वाजवलं. अखंड, कुठं फट नाही. मास्तरांनी वडलांच्या फोटोकडं बघितलं. आपल्याला जे साधलं नाही ते आज यंत्रानं साधलं, असं त्यांना वाटलं आणि ते मनापासून म्हणाले, ‘चालतंय.’

पण घरच्या कार्यात पहिल्यांदा वाजवायचं म्हणजे आंधळ्यानं उडी मारायची. आधी बाहेर बघावं, म्हणून चाकूरजवळच्या एका लग्नात पेडल नेलं. शेतकऱ्याचं घर, मोठा मांडव, जेवायला पंचक्रोशी. नवरी निघाली. भुजंग बँडच्या गाडीवर अनवाणी उभा, मास्तर बाजूला, नजर सवयीनं नवरीच्या गाडीच्या नंबरप्लेटवर. चाल सुरू झाली. काय सूर होता म्हणून सांगू. बायकांनी पदर डोळ्यांना लावले आणि तशाच थांबल्या. चाल वाजत राहिली, अंगणभर पसरली, थांबायचं नाव नाही. बायका पदर लावून उभ्याच. नवरी आईकडं बघतेय, आई नवरीकडं, दोघींची तोंडं रडायला तयार आणि रडू येईना. तेवढ्यात चुलत्यानं घाई केली, नवरी गाडीत बसली आणि गाडी निघून गेली. मांडवात अशी शांतता पसरली की मागं भांडी घासल्याचा आवाज येऊ लागला.

नवरीची आजी केवळाबाई ओट्यावर बसली होती. तिनं मास्तरांना हाक मारली. ‘ओ मास्तर. इकडं या जरा.’

मास्तर गेले.

‘माझ्या समद्या लेकी तुमच्या बाज्यावर गेल्या. आज काय वाजवून राहिले तुमी?’

‘तीच चाल हाय, बाई. फकस्त गिटारीवर.’

‘चाल तीच हाय, कळतंय मला. आवो, पन नळ सोडल्यावानी नुसती चालूच. बाजा दमच घेईना. आमी रडावं कवा?’

‘म्हंजे?’

‘म्हंजे काय म्हंजे. बाजा बोलतोय तवर मानूस ऐकत ऱ्हातंय. तुमी पयलं मधीच थांबायचे, दम घ्यायचे. तवा पोटातलं वर यायला जागा मिळायची. एकीला हुंदका आला की दुसरीला यायचा. आज जागाच न्हाई ठिवली.’ केवळाबाईनं पदर सारखा केला. ‘माझी नात कोरडी गेली, मास्तर.’

मास्तर हात जोडून मागं फिरले.

परतीच्या टेम्पोत त्यांनी आधी सगळ्यांना दोष देऊन पाहिला. ऊन फार होतं, माईक उंच लावला होता, चुलत्याला घाई होती. नाचता येईना अंगण वाकडं, हे दुसऱ्याला ऐकवायला सोपं असतं. भुजंग मधे म्हणाला, ‘मास्तर, यंत्र खराब न्हाई.’ मास्तर म्हणाले, ‘यंत्र खराब न्हाईच. माझं डोकं खराब हाय.’ ज्या जागेची त्यांना आयुष्यभर लाज वाटली, जिथं मान वळवून श्वास चोरला, त्या जागी बाया रडत होत्या. बापानं हे कधी सांगितलं नव्हतं. बापालाही माहीत नसावं. मास्तरांना राग आला, तो कुणावर ते त्यांनाच कळेना, आणि रागाच्या खाली थोडं हसूही आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी क्लॅरनेटची पेटी उघडली. तोंडाचा तुकडा वेगळा केला, पत्ती उतरवली आणि तो काळा तुकडा गरम पाण्यानं धुऊन भुजंगच्या हातात दिला. त्यावर वरच्या बाजूला दोन खळगे पडले होते. मास्तरांच्या दातांनी वर्षानुवर्षं टेकून ते पाडले होते.

‘हे तोंडात धर. खळग्यात दात बसव. आन् फुंक.’

‘आवाज कुठून येनार? पत्ती न्हाई.’

‘आवाज नकोच. फुंक हाय तवर चवडा चालव. फुंक सरली की पाय वर आन् तारेवर हात, सूर बंद. छाती भर, मग फुडं.’

भुजंगनं तुकडा तोंडात घेतला, दोन फुंकरी मारल्या आणि काढला. ‘मास्तर, मी गिटार वाजवू का फुगे फुगवू?’

‘दोनी.’

मग दुकानात जे चाललं ते बघायला गल्ली जमायची. एक धडधाकट माणूस अनवाणी उभा, गळ्यात गिटार, तोंडात काळा बुंधा, गाल फुगलेले, चवडा वरखाली. जन्नतबीनं एकदा डोकावून बघितलं आणि काही न बोलता गेली, म्हणजे किती वाईट दिसत असेल ते समजून घ्या. पहिल्या दिवसांत भुजंगची फुंकर भलत्याच जागी संपायची. ओळीच्या मधे सूर तुटायचा, बोलता बोलता माणूस शिंकल्यासारखा. जळकोटच्या एका लग्नात पेडल पुन्हा नेलं, तेव्हा नवरीची आत्या तेवढी रडली, आणि ती एरवीही रडतेच असं घरचेच म्हणाले. मास्तरांनी निकाल राखून ठेवला. पुण्याच्या वादकाचे फोन सुरू झाले होते, ठेवता का पाठवता. भुजंगनं मास्तरांकडं बघितलं की मास्तर म्हणायचे, ‘रुखसत होऊ दे.’

उमैमाला हे सगळं कळत होतं. दुकान आणि घर यांच्यात एक भिंत. एकदा बापाला चहा देताना ती म्हणाली, ‘अब्बा, तुम्ही वाजवनार न्हाई म्हंजे न्हाई ना?’

मास्तर म्हणाले, ‘बेटा, दात न्हाईत.’

‘हौ,’ ती म्हणाली. तिचा चेहरा पडला आणि तिनं तो लपवला नाही. मास्तरांना आतून खरचटलं. दिलेली जबान मोडली होती, आणि त्यावर पेडलचा पाय ठेवून काही ती जुळत नव्हती.

निकाह औसा रोडवरच्या एका कार्यालयात झाला. नांदेडची वरात गपचूप आली, गपचूप जेवली, बिर्याणीला नाव ठेवलं नाही, आणि दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर, निघायची तयारी झाली. भुजंग फाटकाजवळ बँडच्या गाडीवर चढला. चप्पल काढून खाली ठेवली, तुकडा तोंडात धरला.

मास्तर दारात उभे होते, पांढऱ्या कुर्त्यात. बापाची जागा दारात असते, बँडवाल्याची गाडीजवळ. इतक्या लग्नांत ते कधी दारात उभे राहिलेच नव्हते, थोरलीच्या वेळीसुद्धा नाही. त्यांना हातांचं काय करावं कळेना. एकदा पाठीमागं बांधले, एकदा पोटावर ठेवले, मग नुसते सोडून दिले. तोंडात काही नव्हतं. कवळी होती, पण ती काय धरण्यासारखी वस्तू आहे?

चाल सुरू झाली. मास्तरांचा कान आपोआप कामाला लागला. चवडा पहिल्या वळणाला जरा जास्त दाबला. ठीक आहे, सावरला. तार एकच, शाबास. नजर नंबरप्लेटवर गेली. नांदेडचं पासिंग, गाडी नवी. पहिली ओळ संपली आणि भुजंगची फुंकर बरोबर त्याच जागी सरली. पाय वर आला, हात तारेवर पडला, आवाज बंद. त्या फटीत थोरलीचा हुंदका आला. तिच्यामागं जन्नतबीचा. मग मामीचा, मग शेजारणींचा. मास्तरांनी मनात नोंद केली की लागू पडलं.

दुसरी ओळ लांब होती. हीच ती, जिला त्यांचा दम कधी पुरला नाही. सूर वर चढला, दारात घुटमळला, परत फिरला, आणि मास्तरांची छाती सवयीनं त्याच्यासोबत रिकामी होत गेली. नंबरप्लेट संपली होती, बघायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी उमैमाकडं बघितलं. लाल ओढणीत ती मेडिकलवाली पोरगी कुणी परकी बाई असल्यासारखी दिसत होती. नंतर दिसलं की ती तीच आहे, आणि ती चालली आहे. भुजंगचा पाय वर आला. मास्तरांनी श्वास घ्यायला ओठ वळवले, आयुष्यभर चोरून घेतला तसा.

आत आला तो श्वास नव्हता. छातीतून काहीतरी उलटं वर आलं. कवळी सुटली, ती त्यांनी हातात झेलली, आणि बोळक्या तोंडानं जिलानी मास्तर सगळ्या नांदेडकरांसमोर मोठ्यानं रडले. थांबता येईना. थांबायची गरजही नव्हती, कारण कुठलाच सूर त्यांच्या ओठांवर अवलंबून नव्हता. भुजंगनं हे बघितलं. त्याला वाटलं आता पुढची ओळ काढू नये, पण शिकवलेलं पायात बसलं होतं. छाती भरून त्यानं चवडा दाबला.

उमैमाचा एक पाय गाडीत होता. तो तिनं खाली घेतला आणि दारापाशी परत आली. कुणी तिला अडवलं नाही. बापाला रडताना तिनं कधी बघितलं नव्हतं, थोरलीनंही नव्हतं. दोघी मिळून बघत राहिल्या. मग उमैमानं ओढणीच्या टोकानं त्यांचं तोंड पुसलं. लहानपणी प्रत्येक लग्नाहून आल्यावर क्लॅरनेटचं तोंड पुसून ठेवायचं काम तिचंच होतं.

‘अब्बा,’ ती रडत रडत म्हणाली, ‘बरं झालं तुम्ही वाजवलं न्हाई.’

ती गेली. गाडी नांदेडच्या रस्त्याला वळेपर्यंत चाल वाजत राहिली, आणि मग भुजंगनं पाय काढला. तोंडातला तुकडा हातात घेऊन तो दारापाशी आला. काय विचारावं, कसं विचारावं, हे त्याला कळेना, पण पुण्याला फोन करायचा होता.

‘मास्तर,’ तो म्हणाला, ‘ठेवायचं का पाठवायचं?’

मास्तरांनी काही सांगायला तोंड उघडलं. बाहेर आला तो पुन्हा हुंदकाच.

जन्नतबी शेजारी उभी होती. तिनं नवऱ्याच्या हातातली कवळी घेतली, पदरात गुंडाळली आणि भुजंगला म्हणाली, ‘विचारून काय राहिला रे, तोंडाकडं बघ की त्यांच्या. ठेव ते.’